यकृताचा रोगी भ्रमिष्ट का होतो?

कोणत्याही मोठ्या शहरातील सरकारी रुग्णालयात पुढील प्रकार वर्षातून अनेकदा पाहावयास मिळतो. पंचावन्न-साठ वर्षांचे एक सेवानिवृत्त कारकून आहेत असे समजू. त्यांना यकृताचा जुना विकार आहे. पोटात थोडे पाणी साचलेले आहे. परंतु औषधपाणी नियमित असल्यामुळे त्यांचे बरे चालले आहे. गेले दोन दिवस मात्र ते दिवसा झोपतात आणि रात्री जागे राहतात. चहात साखरेऐवजी मीठ घालतात. बँकेत निवृत्तिवेतन घेण्यास गेले असता त्यांना स्वतःची सही करता आली नाही. आज कोणता वार हे विचारल्यास ते हसतात आणि गप्प बसतात. घरच्या मंडळींना वाटते, म्हाताऱ्याने पुन्हा दारू सुरू केली; वास्तविक तीन वर्षांत त्यांनी तिला स्पर्श केलेला नाही. शेजारी एखाद्या मांत्रिकाचे नाव सुचवितात.

रुग्णालयात आणल्यावर डॉक्टर त्यांना दोन्ही हात पुढे करून, मनगटे वर उचलून धरावयास सांगतात. काही क्षणांतच पंजे खाली पडतात व पुन्हा वर उचलले जातात. पक्ष्याने पंख फडफडवावेत तसे हे दिसते. ताप नाही. पोट दुखत नाही. रक्ताची तपासणी केली तर त्यात अमोनिया नेहमीपेक्षा जास्त आढळतो. येथपर्यंत सारे पुस्तकाप्रमाणे जुळते. परंतु डॉक्टर जुने कागद चाळतात तेव्हा दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीतही अमोनियाचा आकडा जवळजवळ तेवढाच असल्याचे दिसते. आणि त्या दिवशी हेच गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसले होते. मग आजच बुद्धीला ग्रहण का लागावे? डॉक्टर परिचारिकेला पोटातील पाणी काढण्याची सुई आणावयास सांगतात. पोटाची काहीच तक्रार नसता पोटात सुई का घालावयाची, हे समजून घेण्यासाठी सव्वाशे वर्षांहून अधिक मागे जावे लागेल. तत्पूर्वी यकृताविषयी थोडेसे.

यकृत हे शरीरातील सर्वांत मोठे अंतर्गत इंद्रिय होय. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते व दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. ह्या रक्तापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश रक्त हृदयाकडून सरळ आलेले नसते. ते जठर, आतडी व प्लीहा ह्यांतून फिरून, प्रवेशिका नीला नावाच्या जाड नीलेतून यकृतात शिरते. आतड्यांत जे जे शोषले जाते, मग ते अन्न असो वा विष, त्याला सर्व शरीरात जाण्यापूर्वी ह्या नाक्यावर थांबावे लागते. नाक्यावर दोन प्रकारची तपासणी चालते. एक रासायनिक: प्रथिनांच्या विघटनातून निघालेल्या अमोनियाचे येथे निरुपद्रवी यूरियात रूपांतर होते. दुसरी तपासणी जंतूंची. यकृतातील सूक्ष्म रक्तमार्गांच्या भिंतींना चिकटून कुप्फर पेशी नावाच्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. आतड्यांतून निसटून रक्तात आलेले जंतू व त्यांचे विषारी अंश त्या गिळून टाकतात.

दीर्घकाळच्या इजेमुळे यकृताच्या मऊ पेशी मरतात, त्यांच्या जागी चिवट तंतू निर्माण होतात आणि उरलेल्या पेशींच्या गाठी बनतात. ह्या अवस्थेस सिरोसिस म्हणतात. हे नाव स्टेथॉस्कोपचा जनक लेनेक ह्या फ्रेंच डॉक्टरने १८१९ साली दिले. अशा यकृताच्या पिंगट रंगावरून त्याने हा ग्रीक शब्द घेतला. आपल्याकडे सिरोसिस म्हटले की दारू, असे समीकरण रूढ झाले आहे. ते अनेक रुग्णांवर अन्याय करणारे आहे. हेपॅटायटिस बी व सी ह्या विषाणूंमुळे, तसेच स्थूलता व मधुमेह ह्यांबरोबर यकृतात साठणाऱ्या चरबीमुळेही सिरोसिस होतो, आणि ज्याने आयुष्यात मद्याचा थेंब चाखला नाही त्यालाही होतो. कारण कोणतेही असो, परिणाम एकच. कठीण झालेल्या यकृतातून रक्त सहज वाहू शकत नाही. ते आडवाटांनी, यकृताला वळसा घालून, मुख्य रक्तप्रवाहास मिळते. म्हणजे नाका तर मोडकळीस येतोच, शिवाय नाका चुकविण्याचे चोरमार्गही तयार होतात.

मांस खाऊन आजारी पडणारे कुत्रे

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय एक्क ह्या शल्यवैद्याने १८७७ साली कुत्र्यांवर एक विलक्षण शस्त्रक्रिया केली. त्याने प्रवेशिका नीला थेट अधोमहानीलेस, म्हणजे शरीराच्या खालच्या भागाकडून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेस, जोडली. आतड्यांकडील रक्त यकृतात न जाता परस्पर शरीरात जाऊ लागले. त्याच्या आठ कुत्र्यांपैकी एकच फार दिवस जगला, आणि तोही अडीच महिन्यांनी प्रयोगशाळेतून पळून गेला! एक्कचे काम तेथेच थांबले.

ते पुढे नेले पाव्हलॉव्हने. घंटा व लाळ ह्यांच्या प्रयोगांमुळे त्याचे नाव शाळकरी मुलांनाही माहीत असते. परंतु त्यापूर्वीच, १८९३ साली, त्याने व नेन्स्की ह्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक्कच्या शस्त्रक्रियेचे परिणाम बारकाईने नोंदविले होते. असे कुत्रे प्रथम चिडखोर बनत, मग झोकांड्या देत, कित्येकदा त्यांना दिसेनासे होई, झटके येत व शेवटी ते बेशुद्ध पडत. मांस खाल्ल्यानंतर हा प्रकार विशेष होई. काही कुत्र्यांनी तर आपण होऊनच मांस सोडले. मांसातील प्रथिनांपासून बनणारा नत्रयुक्त पदार्थ यकृताकडून निरुपद्रवी न होता मेंदूपर्यंत पोहोचत असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांचा संशय कार्बामिक आम्लावर होता. पुढे तो अमोनियावर स्थिरावला. अमोनियाचा यूरिया नेमका कसा होतो ते क्रेब्ज व हेन्झेलाइट ह्यांनी जर्मनीत १९३२ साली दाखवून दिले.

माणसाच्या बाबतीतील पुरावा काहीसा अपघातानेच मिळाला. जलोदराच्या रुग्णांच्या शरीरातील मीठ कमी करावे म्हणून अमेरिकेत त्या काळी एक प्रकारची राळ पोटात देत असत. राळेने सोडियम धरून ठेवावयाचे आणि त्याच्या बदल्यात स्वतःजवळचे अमोनियम सोडावयाचे, अशी ती योजना होती. सिरोसिसच्या काही रुग्णांत ह्या औषधाने भलतेच घडले. ते गोंधळले, त्यांचे हात फडफडू लागले. औषध बंद करताच ते ताळ्यावर आले. बोस्टनमधील डॉक्टरांनी १९५२ साली हे प्रसिद्ध केले. हातांची ती फडफड त्याच शहरातील अ‍ॅडम्स व फोली ह्या मज्जाविकारतज्ज्ञांनी थोडी आधी, १९४९ साली, वर्णिली होती. १९५४ साली लंडनच्या शीला शेरलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सारी सूत्रे एकत्र गुंफून ह्या यकृतजन्य मस्तिष्कविकारास रोगशास्त्रात पक्के स्थान दिले. आतड्यांतील जंतू प्रथिनांपासून अमोनिया बनवितात, तो यकृत चुकवून मेंदूकडे जातो. म्हणून जंतू मारावेत व मांस कमी करावे, असा उपचार रूढ झाला.

हिशेब मात्र पुरता जमला नाही. अमोनिया हेच कारण असेल तर जितका अमोनिया अधिक तितकी बुद्धी मंद, असे प्रमाण दिसावयास हवे. प्रत्यक्षात दोन रुग्णांच्या रक्तात सारखाच अमोनिया असता एक ग्लानीत पडलेला असे व दुसरा पत्ते खेळत असे. रक्ताचा नमुना बर्फात ठेवला नाही तर त्यातील अमोनिया आपोआप वाढतो, ही अडचण होतीच. परंतु सर्व विसंगती तिच्या माथी मारता येत नव्हती.

यादीतील दुर्लक्षित नोंद

वैद्यकाच्या पुस्तकांत ह्या विकाराला चिथावणी देणाऱ्या गोष्टींची एक यादी असे व आजही असते: मलावरोध, आतड्यांत रक्तस्राव, लघवी वाढविणाऱ्या औषधांचा अतिरेक, झोपेच्या गोळ्या आणि जंतुसंसर्ग. संसर्गाचा समावेश का, ह्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठराविक दिले जाई. तापात शरीरातील प्रथिने अधिक झिजतात, म्हणून अमोनिया वाढतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आणि ते अपुरे आहे हे पडताळून पाहण्यास २००४ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी लंडनमध्ये डेबी शॉक्रॉस, राजीव जलान, रॉजर विल्यम्स प्रभृतींनी केलेला प्रयोग त्याच्या साधेपणामुळे तपशिलाने सांगण्यासारखा आहे. सिरोसिस असून संसर्गामुळे रुग्णालयात दाखल झालेले दहा रुग्ण त्यांनी निवडले. त्यांना अमिनो आम्लांचे एक मिश्रण प्यावयास दिले. हे मिश्रण रक्तातील हीमोग्लोबिनच्या घडणीबरहुकूम बनविलेले होते. म्हणजे आतड्यांत रक्तस्राव झाला असता जे घडते त्याची ही सुरक्षित नक्कल होती. अपेक्षेप्रमाणे रक्तातील अमोनिया वाढला. मिश्रण देण्यापूर्वी व नंतर रुग्णांची स्मरणशक्ती, अवधान व विचारांचा वेग ह्यांच्या कसोट्या घेण्यात आल्या. पुढे संसर्ग बरा झाल्यावर त्याच रुग्णांना तेच मिश्रण पुन्हा देऊन त्याच कसोट्या पुन्हा घेतल्या.

दोन्ही वेळा अमोनिया सारखाच चढला. पहिल्या वेळी, शरीरात संसर्गाचा दाह असताना, बुद्धीच्या कसोट्यांतील कामगिरी लक्षणीय घसरली. दुसऱ्या वेळी, दाह शमल्यावर, तेवढ्याच अमोनियाने ती घसरली नाही.

दहा रुग्ण म्हणजे काही मोठी संख्या नव्हे. परंतु येथे प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच केलेली होती. वय, शिक्षण, यकृताची अवस्था ह्यांतील फरकांचा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. पुढे २०११ साली शॉक्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विकाराच्या गंभीर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही ग्लानीच्या खोल अवस्थांशी संबंध आढळला तो संसर्ग व दाह ह्यांचा. अमोनियाच्या आकड्याशी तो जुळला नाही. ह्यावरून अमोनिया निर्दोष ठरतो असे मात्र कोणी समजू नये. सरपण तोच रचतो. दाह ठिणगी टाकतो.

मेंदूच्या आत

अमोनियाने मेंदूत काय होते ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. मेंदूत विचार वाहणाऱ्या मज्जापेशींच्या जोडीला त्यांचे पोषण व साफसफाई करणाऱ्या, ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. मेंदूत आलेला अमोनिया ह्या तारकापेशी ग्लुटामिन ह्या पदार्थात बांधून टाकतात. ही मोठीच सेवा होय, पण तिची किंमत त्यांना मोजावी लागते. साठलेले ग्लुटामिन पाणी ओढून घेते व पेशी किंचित फुगतात. सिरोसिसमध्ये ही क्रिया संथपणे चालत असल्यामुळे पेशी आतील इतर काही पदार्थ बाहेर टाकून आपला तोल सांभाळतात. महिनोन्‌महिने असा तोल सांभाळला जातो, आणि म्हणूनच वाढलेल्या अमोनियासह एखादा रुग्ण व्यवस्थित वर्तमानपत्र वाचू शकतो.

आता संसर्गाकडे पाहू. रक्ताभिसरण व मेंदू ह्यांच्यामध्ये एक कडक तटबंदी आहे. मूत्रमार्गातील वा फुफ्फुसातील जंतूंना सहसा ती ओलांडता येत नाही. तरीही साध्या पडशातापातसुद्धा आपले डोके जड होते, वाचनात लक्ष लागत नाही, अंथरुणातून उठवत नाही. हा अनुभव सर्वांचा आहे. जंतू आत गेलेले नसतात. निरोप गेलेला असतो. संसर्गाशी झुंजणाऱ्या श्वेत पेशी सायटोकाइन नावाचे संदेशवाहक पदार्थ रक्तात सोडतात. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ते आदळले की अस्तराच्या पेशी आतील बाजूस नवे संदेश पाठवितात. पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस ह्या लांबलचक मज्जातंतूमार्फतही खबर पोहोचते. मग मेंदूतील संरक्षक पेशी, ज्यांना मायक्रोग्लिया म्हणतात, त्या जाग्या होऊन आपल्या परीने तेच संदेशवाहक पदार्थ तयार करू लागतात. निरोगी माणसात ह्याचा परिणाम सुस्तीपुरता असतो व ताप उतरताच ती जाते. सिरोसिसच्या रुग्णात मात्र हा निरोप आधीच फुगलेल्या, आधीच कसाबसा तोल धरून असलेल्या तारकापेशींवर येऊन आदळतो. सिरोसिस झालेल्या उंदरांना जंतुविष टोचले असता त्यांचा मेंदू सुजून ते बेशुद्धीच्या उंबरठ्यावर जातात, असे प्रयोगांत दिसले आहे.

ह्या दोघांची भागीदारी दुसऱ्या दिशेनेही चालते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या विषयातील हा सर्वांत विचार करावयास लावणारा भाग होय. जंतूंना गिळणाऱ्या श्वेत पेशी अमोनियाच्या सान्निध्यात फुगतात व त्यांची गिळण्याची शक्ती कमी होते, हे २००८ साली दाखविण्यात आले. म्हणजे अमोनियामुळे संसर्गास वाव मिळतो आणि संसर्गामुळे अमोनिया अधिक घातक होतो. त्यात कुप्फर पेशींचा नाका चुकवून जाणारे रक्त, आणि रोगामुळे सैल झालेल्या आतड्याच्या भिंतीतून पाझरणारे जंतू ह्यांची भर पडते. सिरोसिसमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांत जंतुसंसर्ग आढळतो, ह्यात मग नवल ते काय?

सुई कशासाठी

आपले कारकून अद्याप खाटेवरच आहेत. जलोदराच्या पाण्यात, आतड्याला कोठेही भोक पडलेले नसता, आपोआप संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेतील हॅरल्ड कॉन ह्यांनी १९६४ साली ह्या आजाराला स्वतंत्र ओळख करून दिली. त्याची लबाडी अशी की ताप, पोटदुखी ही नेहमीची लक्षणे पुष्कळदा नसतात. वाढलेली प्लीहा श्वेत पेशी अडवून ठेवीत असल्यामुळे रक्तातील त्यांची संख्याही फसवी ठरते. काही रुग्णांत भ्रम हेच एकमेव लक्षण असते. पाण्याचा नमुना घेऊन त्यातील श्वेत पेशींपैकी न्यूट्रोफिल मोजतात. एका घन मिलिमीटरमध्ये २५० किंवा अधिक आढळल्यास, जंतूंची वाढ प्रयोगशाळेत दिसण्याची वाट न पाहता, प्रतिजैविक औषध सुरू करतात. विलंब प्राणावर बेतू शकतो. पोट निर्दोष ठरले तर लघवी, छाती, त्वचेवरील जखमा आणि रक्त तपासावयाचे. घरच्या माणसांनी ‘दारू प्यायला’, ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून काढलेले दोन दिवस ह्यासाठीच महाग पडतात.

अमोनियाविरुद्धचा उपचार ह्याच्या जोडीने चालतो. लॅक्ट्युलोज नावाची, माणसाला न पचणारी एक साखर १९६६ साली स्वित्झर्लंडमध्ये प्रथम ह्या कामी वापरली गेली. मोठ्या आतड्यातील जंतू ती आंबवतात, आतील द्रव आम्ल होतो, अमोनिया त्यात अडकतो व शौचावाटे निघून जातो. दिवसातून दोन-तीन वेळा सैल शौचास होईल इतपत ती घ्यावयाची असते. रुग्ण कंटाळतात व सोडून देतात, ही सर्वत्र ऐकू येणारी तक्रार. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील शर्मा, सरीन प्रभृतींनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, एकदा भ्रम येऊन बरे झालेल्या व लॅक्ट्युलोज घेणाऱ्या ६१ रुग्णांपैकी १२ जणांना तो पुन्हा आला; न घेणाऱ्या ६४ पैकी ३० जणांना आला. आतड्यातच राहून काम करणाऱ्या रिफॅक्सिमिन ह्या प्रतिजैविकाची २९९ रुग्णांवर घेतलेली चाचणी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुतेक सर्व जण लॅक्ट्युलोजही घेत होते. सहा महिन्यांत विकार उलटण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले.

जुन्या उपचारातील एक गोष्ट मात्र आता टाकून देण्यात आली आहे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना स्मरून डॉक्टर रुग्णांची डाळ, दूध, अंडी बंद करीत. पण यकृत थकल्यावर अमोनिया बांधून ठेवण्याचे बरेचसे काम स्नायू करतात. उपासमारीने स्नायू झिजले की तो आधारही जातो आणि संसर्गाशी झगडण्याची ताकदही. आज अशा रुग्णांना प्रथिने पुरेशी घ्यावयास, व रात्री फार वेळ उपाशी न राहावयास सांगतात. काही घरांतून अजूनही ‘कावीळवाल्याला फक्त ऊस आणि भात’ हा नियम चालतो. तो सिरोसिसच्या रुग्णाचे नुकसान करतो.

विकाराची सौम्य अवस्था ओळखणे त्याहून कठीण, कारण गप्पा मारताना रुग्ण ठीक वाटतो. तिच्यासाठी कागदावर विखुरलेले १ ते २५ अंक क्रमाने रेघेने जोडावयास लावतात व लागलेला वेळ मोजतात. अंक न येणाऱ्याने काय करावे? धीमान, सारस्वत, नाईक आदी भारतीय डॉक्टरांनी १९९५ साली अंकांऐवजी ओळखीच्या वस्तूंची चित्रे जोडावयाची कसोटी तयार केली. त्यामुळे ज्याने कधी पाटी हाती धरली नाही अशा शेतकऱ्याच्या बुद्धीचेही मोजमाप निरक्षरतेच्या आड न अडकता घेता येऊ लागले.

कारकुनांच्या पोटातील पाण्यात न्यूट्रोफिलांची संख्या २५० च्या बरीच वर निघाली. प्रतिजैविक शिरेतून सुरू झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाराचे नाव बरोबर सांगितले, पाचव्या दिवशी वर्तमानपत्र मागितले, आणि घरी जाताना रुग्णालयाच्या कागदावर आपली नेहमीची लपेटदार सही केली. भ्रमाचा एखादा झटका येऊन गेल्यानंतर नवीन गोष्ट शिकण्याची, चुकांतून सावरण्याची शक्ती पूर्वीइतकी परत येत नाही, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसू लागले आहे. तो मागे राहिलेला अंश कायमचा असतो की केवळ दीर्घकाळ टिकणारा, ह्यावर संशोधन चालू आहे. घरी आल्यावर कारकुनांनी बाजारहाट पुन्हा सुरू केली. किराण्याच्या हिशेबाची वही मात्र मुलाकडेच राहिली.